स्मार्ट मीटरची नोंद सोसायट्यांच्या हाती द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्मार्ट शहर म्हटले की भिंतभर पडद्यांच्या नियंत्रण कक्षाचा फोटो छापून येतो. मी छत्तीस वर्षे वायरमनचे काम केले, आता मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्या अनुभवावरून सांगतो, शहराचा कार्बन कमी करायचा असेल तर आधी आमच्यासारख्या जुन्या इमारतींच्या पंपरूममध्ये उतरा.

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडू तितकाच शोषून घेऊ, हे त्यातले उद्दिष्ट. शहराच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण एक पंचमांश, तर इमारतींमधल्या वीज-इंधनाचा दोन तृतीयांशांहून जास्त, हेही त्यातच आहे. तरी आपली सगळी चर्चा गाड्यांभोवती फिरते.

आमची इमारत सात मजली, दोन विंग, बेचाळीस घरे. जिन्यात अठ्ठावीस जुन्या ट्यूब होत्या. चोकसकट एकेक पन्नास वॅट खायची आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळायची, म्हणजे रोज जवळजवळ सतरा युनिट. दीड वर्षापूर्वी तिथे सेन्सरचे एलईडी बसवले. कोणी नसताना ते मंद असतात, पावलाची चाहूल लागली की पूर्ण उजळतात. आता रोज चार-साडेचार युनिट लागतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना अंधाराची भीती होती, म्हणून दिवे पूर्ण न विझवता मंद ठेवले. त्या आता रात्रीही निर्धास्त खाली येतात.

पंपाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. पूर्वी वॉचमनकाका बटण दाबून पंप लावायचे आणि गच्चीवरून पाणी ओसंडल्याचा आवाज आला की धावत जाऊन बंद करायचे. टाकी उतरली की पंप आपोआप चालू आणि भरली की बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवल्यावर ते थांबले. त्याच वेळी पॅनेलवर एक छोटा मीटर लावला, तो दर पंधरा मिनिटांचा वापर मोबाइलवर दाखवतो. पहिल्याच महिन्यात ध्यानात आले की रात्री अडीच-तीनच्या सुमारास पंप पाच-सहा मिनिटे चालतोय. एखाद्या रात्री नाही, रोज. त्या वेळी सगळे झोपलेले, मग टाकी उतरते कशी? तीन रविवार प्लंबरला घेऊन एकेक व्हॉल्व्ह बंद करत शोधले. पाचव्या मजल्यावर, बंद असलेल्या घरामागच्या डक्टमध्ये पाइप फुटला होता आणि पाणी भिंतीलगत सरळ गटारात जात होते. आमच्या हिशेबाने दिवसाला सहा हजार लिटर. माणशी 135 लिटर धरले तर चव्वेचाळीस जणांचे पाणी! किती महिने वाहिले असेल, देव जाणे.

त्यात वीज रोज जेमतेम एक युनिट जात होती, हे खरे. पण ती फक्त आमच्या पंपाची. भातसा धरणाचे पाणी पिसे-पांजरापूरच्या केंद्रांत उपसून शहराकडे ढकलावे लागते. गटारात गेलेल्या पाण्यावर तिथलीही वीज खर्ची पडलेली असते.

दिवे आणि पंप मिळून सोसायटीच्या सामायिक वापराच्या म्हणजे कॉमन मीटरवर महिन्याला सुमारे 450 युनिट कमी झाले. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतेक वीज अजून कोळशावरच बनते. म्हणजे एका इमारतीमागे महिन्याला 315 किलो. अशा किती सोसायट्या या शहरात आहेत!

आता माझी मागणी. नवे स्मार्ट मीटर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर नोंदवू शकतात. ज्या नोंदीने आमची गळती सापडली तीच ही. मात्र वीज कंपनीकडे कॉमन मीटरची अशी नोंद मागायला गेलो तेव्हा, ‘बिलावर आहे तेवढेच मिळेल’, असे उत्तर मिळाले. वीज ग्राहकाची आहे, तिची नोंदही ग्राहकाला मिळायला हवी, तीही मराठीत आणि साध्या तक्त्याच्या रूपात. नोंद आमच्या हाती येणार नसेल तर मीटर बदलून आमचा काय फायदा? लोकांच्या मनात या मीटरविषयी जो अविश्वास आहे, तोसुद्धा नोंद उघडी केल्यानेच कमी होईल.

दुसरे म्हणजे माणसे तयार करा. आमचा एक सेन्सर बिघडला तेव्हा बसवणारा ठेकेदार चार महिने फिरकला नाही. शेवटी मीच शिडीवर चढलो. प्रत्येक सोसायटीत निवृत्त वायरमन नसतो. प्रत्येक वॉर्डातल्या मुलांना आयटीआयमध्ये लेव्हल कंट्रोलर, सेन्सर आणि मीटरची नोंद वाचणे शिकवले, तर त्यांना काम मिळेल आणि ही यंत्रे बंद पडून राहणार नाहीत.

दर महिन्याचे आकडे मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. आसपासच्या तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी येऊन ती पाहून गेले. एकाने परवा फोन केला, त्यांचाही पंप पहाटे चारला चालतो आहे. या रविवारी प्लंबरला घेऊन तिकडे जाणार आहे.

– एक निवृत्त वायरमन, मुलुंड (पूर्व)