विषय: मान्य यादीत नसलेला ९ अंशांचा गोल्फ ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) ‘नियमात बसणारा’ म्हणून विकल्याबाबत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आज तुमच्या प्रतिनिधीशी चौथ्यांदा बोललो. यापुढे फोन करणार नाही.

तुमच्या खोक्यावर ‘नियमांनुसार’ असं ठळक छापलंय. यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फच्या नियामक संस्थांच्या मान्य ड्रायव्हरांच्या यादीत याच मॉडेलचं १०.५ अंशांचं हेड (काठीचं डोकं) आहे, माझं ९ अंशांचं नाही. स्पर्धेत त्या यादीतलेच ड्रायव्हर वापरण्याचा स्थानिक नियम लागू होता. चौथ्या होलवर सोबतच्या खेळाडूला शंका आली, यादी पाहिली. तोवर मी याच ड्रायव्हरनं टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) फटके मारले होते. दंडाचे फटके वगैरे नाहीत, थेट बाद.

तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॉडेल तर तेच आहे ना सर?” मी सांगितलं, यादीत मॉडेलबरोबर लॉफ्टही, म्हणजे फेसचा (चेंडूवर आदळणाऱ्या पुढच्या भागाचा) कलही बघतात. “पण हेड ४६० सीसीचंच आहे.” म्हटलं, प्रश्न आकाराचा नाही, फेसचा आहे. मग मला होल्डवर ठेवलं. परत आले आणि म्हणाले, “बॉल लांब जातोय ना सर? मग तक्रार कशाची?”

लांब जातोय हीच तक्रार आहे! पातळ फेस आदळताना आत दबतो, चेंडू कमी चेपतो, ऊर्जा कमी वाया जाते, वेग वाढतो. म्हणून तर फेसवर लोलक आदळवून करतात त्या चाचणीत दोघांच्या संपर्काच्या वेळेची मर्यादा २३९ मायक्रोसेकंद आहे, सवलत धरून २५७. हे ड्रायव्हर बनवणाऱ्यांना मी सांगायचं? माझा फेस या मर्यादेत आहे की बाहेर? गेल्या महिन्यात याच ड्रायव्हरनं जिंकलेली फेरी आता माझी म्हणवत नाही. “मग तक्रार कशाची?” म्हणे.

९ अंशांचं हेड चाचणीला पाठवलं होतं की नाही, एवढंच विचारतोय. चार फोन झाले, उत्तर नाही.

तुमच्या आयर्न (जवळच्या फटक्यांच्या काठ्या) मी अकरा वर्षं वापरतोय, मित्रांनाही घ्यायला लावल्या. त्याची आज लाज वाटते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि पूर्ण पैसे परत हवेत. शिवाय हेच हेड घेतलेल्या प्रत्येकाला कळवा, पुढच्या स्पर्धेआधी. नाहीतर खोक्याचे आणि हेडचे फोटो मी दोन्ही नियामक संस्थांना स्वतः पाठवीन.

एक ग्राहक