शाळेचा वेग कॉलेजात कुठे हरवतो?

महोदय,

शालेय स्पर्धेत तीन हजार मीटर मारणारी आमच्या परभणीकडची पोरं अकरावी-बारावीनंतर दिसेनाशी होतात. विद्यापीठाच्या मैदानावर अंतर पाच आणि दहा हजारांवर जातं, शेजारी बावीस-तेवीस वर्षांचे गडी उभे असतात. पहिल्या वर्षी मुलगा मागे पडणारच. त्यात लाज कसली? दमश्वास हळूहळू वाढतो, दोन-तीन वर्षं लागतात. पण आमच्याकडे पहिल्याच क्रॉस कंट्रीत (माळरानावरच्या लांब शर्यतीत) पदक नाही आलं की सर म्हणतात, 'भरतीची तयारी कर.' पोलीस भरतीची धाव १६०० मीटरची. दहा हजारांचं पाणी असलेला पोरगा तिथेच अडकतो. (घरची परिस्थिती पाहता त्याला दोष तरी कसा द्यावा!)

मी स्वतः कॉलेजात असताना आठवड्यात सहा दिवस फुल्ल जोरात पळायचो. हलकं पळणं म्हणजे आळस, असं वाटायचं. दुसऱ्याच वर्षी नडगी धरली, पळणं सुटलं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने बारावीनंतर सैन्यात गेल्यावर स्पर्धात्मक धावणं सुरू केलं आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या तीन हजार मीटर शर्यतीचं रौप्य आणलं. म्हणजे अठराव्या वर्षी कुणाचा निकाल लावू नये. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, दोन्ही विद्यापीठांनी नवख्या धावपटूंना तीन वर्षं एकच प्रशिक्षक आणि वसतिगृहात रोज दूध-अंडी एवढं तरी द्यावं.

– एक माजी धावपटू, परभणी