अचानक भास होऊ लागले, तर आधी शरीर तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्तरी उलटलेले माणूस एका रात्रीत 'भिंतीवर किडे चालताहेत', 'जेवणात विष कालवलंय' असे म्हणू लागले, की घरचे एकतर वेड लागले म्हणून घाबरतात, नाहीतर वयाचा दोष म्हणून गप्प बसतात. या दोन्हींत मोलाचे दिवस वाया जातात.

स्किझोफ्रेनिया हा मनोविकार बहुधा तरुणपणी, हळूहळू सुरू होतो आणि त्यात मुख्यतः आवाज ऐकू येतात. उतारवयात काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेला, संध्याकाळी वाढणारा, डोळ्यांसमोर नसलेले दाखवणारा गोंधळ म्हणजे बहुतेक वेळा डिलिरियम; जुनी माणसे यालाच 'वात झाला' म्हणत. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगून पाहा. एरवी ज्याला ते सहज जमायचे, तो ऑक्टोबरपाशीच भरकटतो. लक्ष टिकत नाही, ही याची मुख्य खूण.

कारण बहुतेकदा मेंदूच्या बाहेर सापडते. लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनिया (वृद्धांत ताप नसतानाही), तुंबलेली लघवी, किंवा रक्तदाबासाठीच्या थायाझाइड गोळ्यांनी उतरलेले रक्तातले सोडियम. रक्ततपासणीत सोडियम १३५ ते १४५ (mEq/L) हवे. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर लगेच लावा; साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्या.

औषधांचा वाटा तर फार मोठा. कंपवातावरच्या ट्रायहेक्सिफेनिडिल व लेव्होडोपा, सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, या सगळ्यांनी भास होऊ शकतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातली प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घालून न्या, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली आणि दोन-चार दिवसांत थरथर व भास सुरू झाले, तर थेट रुग्णालय गाठा. त्यात जीव जाऊ शकतो.

संशयाला मनाची कारणेही असतात. ऐकू कमी येणाऱ्याला शेजारची कुजबुज आपल्याविरुद्धच वाटते. जागरण आणि एकटेपणा त्यात भर घालतात. अशा वेळी वाद घालू नये. चष्मा, श्रवणयंत्र लावावे, दिवा चालू ठेवावा, ओळखीच्या माणसाने जवळ बसावे.

आणि शांत करायला घरातली झोपेची गोळी देऊ नये. तिने गोंधळ वाढतो, तोल जाऊन माणूस पडतो. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर भासांवर देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने शरीर ताठरून जिवावर बेतू शकते. म्हणून चालण्यातला मंदपणा, हातांची थरथर, झोपेत हातपाय झाडणे, अशी या आजाराची काही खूण आधीपासून असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

आपली,
एक वाचक