ब्रेलर देऊन गेलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही दिलेल्या पर्किन्स ब्रेलरवर, म्हणजे ब्रेल लिपीच्या टाइपरायटरवर, लेक आता बीजगणित सोडवते. आतल्या खोलीत ओळ संपत आल्याची घंटा वाजते आणि मला भरून येतं. तुमच्यासमोर त्या दिवशी शब्दच फुटले नाहीत, म्हणून आज चारचौघांत लिहितेय.

ब्रेलच्या पाटी-सळईवर, म्हणजे पाटीत कागद अडकवून सळईने टिंबं टोचत, ती मराठी झरझर लिहायची. गणिताचं मात्र अवघड. पाटीवर उजवीकडून डावीकडे उलटी टिंबं टोचायची आणि कागद काढून पालथा केल्याशिवाय काय लिहिलंय ते कळत नाही. समीकरणाची आधीची पायरी दरवेळी अशी शोधायची, मग पोर थकणार नाही तर काय! 'गणित सोडू दे तिला', हा सल्ला आम्हाला उदंड मिळाला. ब्रेलरवर टिंबं वरच्या बाजूनेच उमटतात. लिहिता लिहिता बोट मागे नेलं की वाचता येतं. एवढाच फरक, पण तिचं गणित त्यावाचून अडलं होतं.

अशी साधनं अठरा वर्षांपर्यंत मोफत द्यावीत, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलंय. आम्हाला मिळालं ते 'निधी आला की कळवू'. एका कार्यक्रमात तिला स्टेजवर उभं करून 'इकडे तोंड कर, हस' म्हणत फोटो काढले. हातात दिलेलं बोलणारं यंत्र फक्त इंग्रजी बोलायचं, चार्जरही नव्हता. नंतर कुणी फोन उचलला नाही.

आणि तुम्ही पाच किलोचं ते मशीन घेऊन एसटीने आलात. सोबत जाड कागदाचा गठ्ठा. वहीच्या कागदावर टिंबं दबून जातात, हे ज्याच्या घरात ब्रेल नांदलंय त्यालाच सुचतं. काकूंचं मशीन तुम्ही तेलपाणी करून किती जपलं होतंत!

पण मनात घर केलंय ते वेगळ्याच गोष्टीनं. शेजारचे म्हणाले, "काका, एक फोटो होऊन जाऊ दे." तुम्ही तिच्याकडे वळून विचारलंत, "बाळा, फोटो काढलेला चालेल का तुला?" ती गप्प. तुम्ही घाई केली नाहीत. बऱ्याच वेळाने ती "नको" म्हणाली, आणि तुम्ही "बरं" म्हणून काकू याच मशीनवर मुलांचे धडे कसे काढायच्या ते सांगायला लागलात. तिला काही द्यायला आलेल्यांपैकी कुणीही आजवर 'चालेल का' असं विचारलं नव्हतं. रात्री जेवताना ती मला म्हणाली, "आई, मी नको म्हटलं तरी ते रागावले नाहीत."

देणारे पुष्कळ भेटतात, काका. नववीतल्या मुलीचा शब्द राखून देणारा माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटला.

दहावीला ती गणितच घेणार आहे, तिचं तिनंच ठरवलंय. सहामाही झाली की ती तुम्हाला ब्रेलमध्ये पत्र लिहील. तुम्ही काकूंकडून ब्रेल शिकलात, हे तिच्या पक्कं लक्षात आहे.

तुमची,
तिची आई