फणसाचा दरवाजा भंगारात देऊ नका

नेरूळ, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलतोच आपण, पण फोनवर आई जेवलीस का विचारते, मी बाबांचा गुडघा विचारते, मागून टीव्हीचा आवाज येतो आणि झालं, जे खरं सांगायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय, तिला हे बारीक अक्षर वाचायला देऊ नका.

आधी गोळ्यांच्या डब्याचं. आई, तू परवा सहज म्हणालीस की मधल्या खणाचं झाकण निघतच नाही, सुरीचं टोक घालून काढलं. तेव्हापासून माझं लक्ष तिकडेच आहे. दुपारची गोळी प्रेशरची आहे आणि ती काढायला तुला सुरी घ्यावी लागते हे मला अजिबात चालणार नाही. चूक माझी आहे आणि ती काय चूक होती ते आता मला नीट कळलंय.

डबा मी जानेवारीत केला. तेव्हा इथे हवा कोरडी होती, झाकण खाचेत कसं मस्त गच्च बसायचं, न हलता सरकायचं, मला फार अभिमान वाटला होता. पण लाकूड पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फुगतं, आणि गंमत म्हणजे लांबीत जवळजवळ फुगतच नाही, फुगतं ते रुंदीत, म्हणजे लाकडाच्या ज्या रेषा दिसतात ना त्यांना आडवं. त्या झाकणाच्या रेषा मी उभ्या ठेवल्या होत्या, सरकवायच्या दिशेने. त्यामुळे ६ सेंटीमीटरचं झाकण आपल्याकडच्या जुलैत अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद झालं आणि दोन्ही बाजूंनी खाचेत अडकून बसलं. आपल्या देवघराची खिडकी पावसात लागत नाही आणि दिवाळीला आपोआप नीट होते तेच हे. लहानपणापासून बघितलंय ते, पण डबा करताना डोक्यात आलं नाही.

आता नवीन तिन्ही झाकणं केलीत. यावेळी रेषा आडव्या ठेवल्या, या खाचेपासून त्या खाचेपर्यंत, म्हणजे फुगलं तरी मागे-पुढे फुगेल, अडकणार नाही. वर खाचाही तशाच आहेत, सकाळच्याला एक, दुपारच्याला दोन, रात्रीच्याला तीन, बोटाने कळतील, चष्मा शोधायला नको. आधीपेक्षा जरा खोल केल्यात, पटाशी आता चांगली धार लावून घेतलीय. गणपतीला येते तेव्हा घेऊनच येते. तोवर मधलं झाकण काढूनच ठेव, त्या खणावर वाटी पालथी घाल.

बाबा, आता तुमचं. मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, "इतक्या शिकून काय करतस गो ह्यां, दुकानात मिळतत डबे." राग नाही आला मला, पण ते मनात राहिलं. उत्तर फोनवर देता आलं नाही, आता देते.

तुम्हाला आठवतं का मी पहिला डबा कशाचा केला? तुम्ही पाठवलेल्या आंब्याच्या पेटीचा. ती शेवटची लाकडी पेटी, त्यानंतर तुम्ही पुठ्ठ्याचे बॉक्स सुरू केलेत. आंबे संपले, पेंढा सोसायटीच्या माळ्याला दिला आणि त्या फळ्या टाकवेनात मला. हलकं, खरखरीत लाकूड, त्याला काही किंमत नाही हे मलाही कळत होतं, पण एका फळीवर तुमचा मार्का होता, निळ्या शाईतला. वर्षभर त्या फळ्या बाल्कनीत पडून होत्या. मग एका शनिवारी मी नेरूळ स्टेशनजवळून एक करवत, काटकोन बघायचा एक गुण्या, पॉलिश पेपर आणि फेविकॉल आणलं आणि बसले. तो डबा वाकडा आहे, चार कोपऱ्यांतला एकच काटकोनात आहे, पण झाकण उघडलं की तळाला तुमचा अर्धा मार्का दिसतो. त्यात तुमच्या नातीचे दुधाचे दात आहेत. दुकानात तो डबा मिळत नाही बाबा.

आणि शिकले कुठून म्हणाल तर तुमच्याकडूनच. मे महिन्यात खळ्यात तुम्ही पेट्या ठोकायचात, तीन-चार खिळे ओठांत धरून, एकेक काढून दोन घावांत आत. मी शेजारी बसून खिळे हातात द्यायचे. एकदा तुम्ही म्हणाला होतात की खिळा फळीच्या अगदी टोकाला मारू नये, फळी उकलते. यूट्यूबवर हे सगळं परत शिकवतात तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू येतो.

आणखी एक. मी चौथीत असताना तुम्ही मला सावंतवाडीच्या राजवाड्यात नेलं होतं. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी गंजिफा जगवली असं तुम्ही सांगत होतात, दशावताराचे १० रंग, प्रत्येकाची १२ पानं, असे १२० गोल पत्ते. सगळे पत्ते बघत होते आणि मी ज्यात ते ठेवतात ती पेटी बघत होते. लाल रंगाची, चारी बाजूंनी वेलबुट्टी, सरकतं झाकण. पत्ते आत गेले की बाहेरून फक्त पेटी, पण तीसुद्धा कुणीतरी तितक्याच जिवाने रंगवलेली. नंतर चितारआळीत तुम्ही मला लाकडाची आंबा-केळी घेऊन दिलीत आणि मी रडत होते मला पेटी हवी म्हणून. तुम्ही म्हणालात ती विकायची नाही. ती पेटी डोळ्यांसमोरून गेलीच नाही कधी.

इथे कसं करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला काळजी नको. बाल्कनीत तुमच्या जावयांनी जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फळी बसवून दिलीय, तेच टेबल. मशीन एकही नाही, सगळं हाताने. एक तर खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, आणि दुसरं म्हणजे मला हातानेच आवडतं. करवत जपानी पद्धतीची आहे, ती ढकलताना नाही, ओढताना कापते, त्यामुळे पातं कागदासारखं पातळ असतं आणि आवाज अगदी कमी. लाकूड तुर्भ्याच्या एका वखारीतून आणते, सागाचे कटपीस. साग तेलकट असतो, फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो. कधी एमआयडीसीत टाकून दिलेली पॅलेटं मिळतात, न्हावाशेव्याला जहाजाने आलेल्या मालाखालची. त्यावर एक शिक्का असतो, तो बघितल्याशिवाय मी घेत नाही. एचटी लिहिलेलं असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवून किडे मारलेले असतात, ते चालतं. एमबी असेल तर विषारी गॅस मारलेला असतो, ते घरात आणायचं नाही. म्हणजे मी अंदाधुंद काही उचलून आणत नाही, हे आईला सांगा.

यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट सांगू? डब्याच्या चारही बाजू एकाच पट्टीतून ओळीने कापायच्या. मागची बाजू, मग डावी, मग पुढची, मग उजवी, आणि प्रत्येकीला मागून पेन्सिलने नंबर. टोकं ४५ अंशात कापली की रेषा कोपऱ्यावर तुटत नाहीत, वळून पुढच्या बाजूवर जातात. डबा हातात घेऊन फिरवला की एकच रेघ नदीसारखी वाहत जाते आणि फक्त चौथ्या कोपऱ्यात तुटते, तो कोपरा मागे ठेवायचा. चिकटवल्यावर गोंद ओला आहे तोवर दोन्ही तिरके कर्ण मापायचे, सारखे आले तर डबा काटकोनात, नाही आले तर जो लांब आहे त्या कोपऱ्यांतून हलकेच दाबायचं. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण त्या दहा मिनिटांत मी दुसरं काहीच नसते. दिवसभर ऐरोलीला बसून लोकांच्या मेडिक्लेमच्या फाइली बघते, एकेका फाइलीत एकेका घराचं दुखणं असतं, ते डोक्यात घेऊन घरी येते. ते या दहा मिनिटांत उतरतं. मला हे लागतं बाबा, जसं तुम्हाला संध्याकाळी बागेत एक फेरी मारल्याशिवाय जेवण जात नाही तसं.

पॉलिश लाखेचं करते, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने. पण पावसात ते पांढरट पडतं, हवेतला दमटपणा आत अडकतो, म्हणून जून ते सप्टेंबर पॉलिश बंद, फक्त कापणं आणि जोडणं. बाल्कनीत आता सात डबे उघडेबोडके दसऱ्याची वाट बघत बसलेत.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते.

आई म्हणाली की गणपतीच्या आधी माजघराचा दरवाजा काढून तयार फ्लश डोअर बसवायचं ठरलंय, आणि जुना भंगारवाल्याला द्यायचा. नवीन बसवा, नक्की बसवा, जुना खालून कुजलाय आणि बाबांना तो उचलून लावावा लागतो ते मी बघितलंय. पण जुना देऊ नका. हात जोडून सांगते, देऊ नका. तो फणसाचा आहे. मागच्या वर्षी त्याच्या खालच्या कोपऱ्याचा जो तुकडा निघाला होता तो मी पिशवीत घालून तुतारी एक्स्प्रेसने इथे आणला होता, तुम्हाला सांगितलं नव्हतं. वरून काळाकुट्ट, चुलीचा धूर आणि तेलाचे हात लागून लागून. रंधा मारला, पहिले दोन पापुद्रे काळे निघाले, तिसरा मात्र मधाच्या रंगाचा, आणि पूर्ण बाल्कनीभर वास. तुमची नात धावत आली, म्हणाली आई काय करतेयस, गोड वास येतोय. आता तो तुकडा खिडकीत ठेवलाय, उजेडाने दिवसेंदिवस तांबूस होत चाललाय, फणसाचं लाकूड तसंच असतं.

आणि तो दरवाजा आजोबांनी बसवलेला. पाऊस किती खाल्लेत त्याने त्याची मोजदाद नाही. पावसात तोही थोडा फुगणारच, पण त्यातलं कच्चं पाणी कधीच गेलंय, जे वाकायचं ते वाकून झालंय. वखारीत पैसे मोजूनही असं निवांत झालेलं लाकूड मिळत नाही.

त्याची मला आजीची फणेरपेटी करायचीय, तिची ती फणी-कुंकवाची आरशाची पेटी.

माळ्यावर तिचं फक्त झाकण उरलंय ना, बाकी वाळवीने खाल्ली. झाकणाचं माप मी घेतलंय, आरसा बसायचा ती चौकट पण आहे. पण आत काय होतं ते मला आठवत नाही, मी फार लहान होते. आई, तू तिच्या हाताखाली सून म्हणून आलीस, तू रोज सकाळी बघितलं असशील. मला एवढंच आठवतं की ती ओसरीत बसून झाकण उघडून तिरकं टेकवायची, आधी बोटाने कपाळाला मेण लावायची आणि मग त्यावर कुंकू, आणि आरशात बघताना तोंड जरा डावीकडे करायची. मेणाची डबी उजवीकडे होती की डावीकडे? फणीचा खण लांब होता का पूर्ण पुढपर्यंत? खाली एक चोरकप्पा होता असं आत्या म्हणते, खरं का? तू डोळे मिटून आठव आणि बाबांना सांग, बाबा, तुम्ही मागच्या कागदावर नकाशा काढा, हात थरथरला तरी चालेल, फक्त कुठे काय ते कळू दे.

दरवाजा काढाल तेव्हा सुताराला म्हणावं चौकटीतून बिजागऱ्या सोडवून काढ, पहारीने उचकटू नको. त्यात जुने लोहारी खिळे आहेत, ते काढायच्या भानगडीत पडू नका, मी लोहचुंबक फिरवून एकेक शोधीन, नाहीतर माझ्या रंध्याच्या पात्याला खांडं पडतात. गोठ्यात खाली दोन चिरे ठेवून त्यावर उभा करा, मातीला टेकवू नका, वाळवी लगेच चढते. वर प्लास्टिक गुंडाळू नका, वारा लागू दे, फक्त पागोळ्या नकोत.

आम्ही चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचतो, तिकीट झालंय. गणपतीवरची माटवी बांधायला तुमचे जावई आहेतच, बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही.

तुमची
बाय

ता. क. आई, त्या दुपारच्या खणातली गोळी आता वाटीखाली आहे हे बाबांना पण सांगून ठेव, नाहीतर ते वाटी उचलून मोरीत टाकतील.