निकोशियाच्या ताईंना, सगळ्यांसमोर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आम्हाला निकोशिया फिरवून दाखवलंत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘बरं बरं, जेवलात का?’ म्हणून विषयच बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. आता टाळून दाखवा.

नगररचना शिकणारी आमची टोळी सायप्रसला निघाली तेव्हा डोक्यात एकच होतं: ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर अशी दुभंगलेली राजधानी, निकोशिया, बघायची. विमान मात्र लार्नाकाला उतरलं. ‘राजधानीला विमानतळ नाही?’ असं कुणीतरी विचारलं आणि तुम्ही बसमध्येच सुरू झालात. आहे, पण १९७४ पासून बंद आहे, दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात अडकलाय.

व्हेनिसच्या लोकांनी १५६७ मध्ये बांधायला घेतलेला गोल तट, त्याचे अकरा बुरूज, आणि आत शिरलं की चालता चालता मध्येच संपणाऱ्या गल्ल्या. पिंपं, वाळूची पोती, पलीकडे झाडं उगवलेली घरं. सगळ्यांचे मोबाईल वर गेले आणि तुम्ही ओरडलात, ‘खाली! चौकीचे फोटो काढायचे नाहीत.’ पहिल्याच दिवशी सैनिकांशी हुज्जत झाली नाही ती त्या ओरडण्यामुळे. डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांमध्ये दंगली पेटल्यावर एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने नकाशावर रेघ ओढली, तीच ही ग्रीन लाइन. नकाशावर जाड पेन्सिल फिरवायची सवय आम्हालाही आहे, त्यामुळे ते ऐकून जरा चरकलोच.

मग आमच्यातल्या एकीने ‘पण चूक कुणाची?’ विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘आधी कुठल्या वर्षापासून मोजायचं ते ठरव.’ ग्रीक सायप्रियट माणूस बहुधा जुलै १९७४ पासून सांगू लागतो: तुर्की सैन्य उतरलं, उत्तरेतलं घर गेलं. तुर्की सायप्रियट १९६३ पासून सांगतो. दोघांचंही घर खरंच गेलेलं असतं. ‘बरोबर कोण’ विचारू नका, ‘तुमचं घर कुठे होतं’ विचारा, ही ताकीद पुढे फार उपयोगी पडली. संध्याकाळी उत्तरेतल्या ब्युक हान या जुन्या सराईच्या चौकात चहावाल्या आजोबांना तेवढंच विचारलं, तर ते उठायलाच तयार नव्हते.

पण खरे आभार गटारासाठी. लेड्रा स्ट्रीटवरून पलीकडे जायची वाट २००८ मध्ये उघडली. तिथे येणारा प्रत्येक जण चौकी बघतो, तुम्ही आम्हाला पायाखालची झाकणं बघायला लावलीत. शहराचे दोन तुकडे झाले, जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि सांडपाण्याचं प्रक्रिया केंद्र उत्तरेत. दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ मध्ये, राजकीय तोडगा दूरच असताना, मैल्याच्या नळांवर समझोता केला. त्यातून पुढे दोन्ही भागांचा एकत्र नगर-आराखडा निघाला, आणि तटाच्या आतल्या जुन्या वस्तीच्या दुरुस्तीला २००७ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. इतकं महत्त्वाचं काम आमच्या अभ्यासक्रमात नाही, याचा मला अजून राग आहे.

आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख असताना १९६५ मध्ये सायप्रसमध्येच वारले, हेही तुमच्याचकडून कळलं.

आणि रात्रीचं पिठलं! सोबत तळलेलं हलूमी, म्हणजे तिथलं चीज. इकडे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

तर, अहवालाचा विषय आम्ही बदलला: सीमारेषेऐवजी मलनिस्सारण. सरांनी कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली. कच्चा मसुदा पुढच्या महिन्यात पाठवतो. नळांचे व्यास तुम्हीच तपासायचे आहेत, त्याला पर्याय नाही.

आपला नम्र,
टोळीतला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा