कामाचे दिवस आधी कळवा

संपादक महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागातल्या, धातूचे ओतकाम करणाऱ्या फौंड्रींच्या ऑर्डरी घटल्या की चर्चा होते ती टनांची आणि निर्यातीची. कामगाराच्या घरातली घालमेल त्यात येत नाही. मंदीचा क्रम ठरलेला असतो: आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी पाळी, मग फेटलिंगमधले, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारे, ठेकेदाराचे लोक कमी. कायम कामगाराची पाळी शेवटी येते, पण झोप त्याचीही उडालेली असते. घराचा, गाडीचा हप्ता ओव्हरटाइम धरूनच बसवलेला असतो. मूळ पगार शाबूत असूनही घरात कुरबुर सुरू होते ती त्यामुळे.

थंड पडलेली भट्टी पुन्हा तापवायला वीज फार जाते. म्हणून काम कमी असले की कारखाने ते सलग तीन-चार दिवसांत उरकतात. ते योग्यच आहे. पण कोणते दिवस, हे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळते. मग दुसरीकडे रोजावर जाता येत नाही आणि घरी स्वस्थही बसवत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त माणूस खचतो तो इथे.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापड गिरणी 1929-30 मध्ये बंद पडली. वेळ हाताशी असूनही तिथल्या लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेणे घटले, चालणेही मंदावले, असे अभ्यासकांनी नोंदवले. बेकारीने समाधान जेवढे घसरते ते नुसत्या बुडालेल्या पगाराच्या हिशेबात बसत नाही, हे नंतर अनेक देशांत दिसले. आपल्याकडे माणूस तालमीकडे फिरकेनासा होतो. ‘आज सुट्टी का?’ हा प्रश्न नको असतो.

कारखानदारांनी पुढच्या आठवड्याचे कामाचे दिवस निदान चार दिवस आधी फलकावर लावावेत. याला खर्च काहीच नाही. ज्यांना कमी करावे लागते, त्यांच्यासाठी कामगार विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस. त्यासाठी आधीची किमान दोन वर्षे विमा हवा आणि लगतच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. घोडे इथेच पेंड खाते. ठेकेदार दिवस कमी दाखवतो, किंवा आधार आणि बँक खात्यावरचे नाव जुळत नाही. टाइम ऑफिसने माणूस कमी करण्याआधीच या दोन गोष्टी तपासून द्याव्यात. फलकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही लावावा. तो मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो.

– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर